तुपाची डबी दोघांची

बंगळुरूहून संध्याकाळच्या गाडीत बसलात की सेलम, तिरुचिरापल्ली, तंजावर ही सगळी स्टेशनं झोपेतच मागे पडतात. जाग येते तेव्हा खिडकीच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर भाताची खाचरं, मध्येच माडांची रांग, एखादा तुडुंब कालवा आणि थोड्या थोड्या वेळाने झाडांच्या वर डोकावणारं एखादं गोपूर. हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश, तमिळनाडूचं भाताचं कोठार. कुंभकोणमला उतरा. स्टेशनबाहेर पितळेच्या टंबलर-दावऱ्यातली पहिली डिग्री कॉफी घ्या, कारण त्याशिवाय इथे कोणी तुमच्याशी धड बोलणार नाही. मग पापनाशमच्या दिशेने टॅक्सी किंवा बस पकडा. साधारण २० किलोमीटरवर, वेट्टार नदीच्या काठी, एक लहानसं गाव आहे, तिरुकरुकावूर.

तमिळमध्ये 'तिरु' म्हणजे श्री, 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणं आणि 'ऊर' म्हणजे गाव. गर्भ राखणारं गाव. मराठी घरांत हे नाव फारसं माहीत नाही. पण तुमच्या शेजारी एखादं तमिळ कुटुंब राहत असेल, तर त्या काकूंना विचारून बघा. बहुतेक त्यांच्या ओळखीतलं कोणी ना कोणी इथे येऊन गेलेलं असेल. मूल हवं आहे, दिवस राहत नाहीत, किंवा राहिलेले टिकत नाहीत, अशी जोडपी इथे येतात.

मी गेले ती माझ्या मामेबहिणीबरोबर. ताई एकतीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. दाजी एका कंपनीत रात्रपाळी करतात. आणि मी कंटेंट लिहिते, म्हणजे मागणीप्रमाणे कशावरही लिहिते. कधी पडद्यांवर, कधी कर्जावर, कधी आरोग्यावर. गेल्या वर्षी एका क्लायंटसाठी मी 'गर्भधारणेला मदत करणारे दहा पदार्थ' असा एक लेख एका दुपारी लिहून दिला होता. इंग्रजीतले चार लेख समोर ठेवले, डाळिंब, अक्रोड, रताळं, भोपळ्याच्या बिया अशी यादी केली, दर पदार्थाला चार ओळी. विसरूनही गेले. डिसेंबरमध्ये ताईकडे राहायला गेले, तर तोच लेख प्रिंट काढून तिच्या फ्रीजवर चुंबकाने लावलेला! माझं नाव त्यावर नव्हतं, तरी तिने भाषेवरून ओळखलं.

"तूच लिहिलंयस ना गं हे?" तिने विचारलं. "मग खरं सांग, डाळिंबाने खरंच काही होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतरच्या दोन दिवसांत मी तिच्या घरात जे बघितलं त्याने तर तोंडच उघडेना. ताईने सात महिन्यांपूर्वी भात सोडला होता. मग पोळी अर्धी केली, रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी डाळिंब, संध्याकाळी कोणीतरी सांगितलेली एक कडू पावडर. ५२ किलोंची ताई ४६ वर आली होती आणि तिची पाळी, जी आधी घड्याळासारखी यायची, ती आता दीड-दोन महिन्यांनी यायला लागली होती. दाजी पहाटे चारला झोपायचे, दिवसाला पाच-सहा सिगारेटी, जेवण म्हणजे हापिसातलं जे मिळेल ते. त्यांच्यासाठी यादी कोणी केलीच नव्हती. मीही नाही. माझ्या त्या लेखात 'पुरुष' हा शब्द एकदाही आला नव्हता, हे मी परत वाचून खात्री करून घेतलं.

तिरुकरुकावूरला जायचं हे ताईच्या शेजारच्या मामींनी सुचवलं. मामींनी तिकिटाची गाडीसुद्धा सांगितली.

*

आम्ही गेलो ते मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास. या महिन्यात गेलात तर पहाटे गावातून चालत जा, गाडी लांब सोडा. प्रत्येक दारापुढे सडा घातलेला आणि त्यावर तांदळाच्या पिठाचे रस्त्याच्या मध्यापर्यंत येणारे कोलम. हवेत गारवा असतो, तो नऊ वाजेपर्यंतच.

देऊळ शंकराचं आहे. देवाचं नाव मुल्लैवननाथर, मुल्लै म्हणजे जाईसारखी एक वेल, तिच्या वनाचा नाथ. हे लिंग वारुळाच्या मातीचं मानतात, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही, 'पुनुगू' नावाचा जवादीचा सुगंधी लेप लावतात. पण गर्दी असते ती शेजारच्या देवळात, गर्भरक्षांबिकेपुढे. देवीची मूर्ती उभी आणि उंच आहे, एक हात ओटीपोटाशी धरल्यासारखा. काळोख्या गाभाऱ्यात समयांच्या उजेडात तो हात आधी दिसतो, चेहरा मागाहून.

इथली कथा मला तिथल्या एका आजींनी मोडक्या हिंदीत सांगितली आणि ती मी तुम्हालाही सांगते, कारण ती डोक्यातून जात नाही. निध्रुव ऋषींची बायको वेदिका गरोदर होती. ऋषी घरी नव्हते. दिवसभराचं काम करून ती थकून पडली होती. तेवढ्यात ऊर्ध्वपाद नावाचे ऋषी दारात भिक्षेला आले. तिला उठवेना. आपला अपमान झाला असं समजून त्यांनी शाप दिला आणि तिचा गर्भ झडू लागला. तिने देवीचा धावा केला. देवीने तो गर्भ एका घटात ठेवून पूर्ण वाढवला आणि मूल जन्मल्यावर त्याच्या दुधासाठी कामधेनूला बोलावलं. देवळासमोरचं तळं त्याच दुधाचं, असं म्हणतात.

आजींनी कथा संपवली आणि वर आपलं मत दिलं, "थकली होती बिचारी. एवढंच."

ताई तळ्याकडे बघत बसली होती. तिला रोज सकाळी साडेपाचला उठून डबा, मग दीड तास बस, मग हापिस, मग परत स्वयंपाक. मूल व्हावं म्हणून तिने जे काही सुरू केलं होतं, ते सगळं या कामाच्या वर रचलेलं होतं. कमी काही झालंच नव्हतं.

आता तुपाबद्दल. इथला प्रसाद म्हणजे देवीच्या पायाशी ठेवलेलं तूप. मूल हवं असणारी स्त्री गाभाऱ्याच्या पायरीला हाताने तूप सारवते, त्यावर बोटांनी कोलम काढते आणि प्रसादाचं तूप घरी नेते. ते ४८ दिवस रोज रात्री थोडंसं खायचं. दक्षिणेत व्रतांना ४८ दिवसांचं 'मंडलम' धरतात, तेच हे. दिवस गेलेल्या बायकांसाठी तूप नाही, त्यांना एरंडेल तेल मिळतं, कळा सुरू झाल्या की पोटावर चोळायला.

ताईने पायरी सारवली. तुपाची डबी हातात घेतली आणि पदराखाली धरून निघाली. तेव्हा तिथल्या गुरुजींनी दाजींकडे बोट केलं आणि म्हणाले, "रेंडु पेरुम."

आम्हाला कळलं नाही. मागच्या रांगेतल्या एका मुलीने इंग्रजीत सांगितलं, म्हणजे दोघांनीही. तूप दोघांनी खायचं.

दाजी थोडे ओशाळले. "मी पण?" असं त्यांनी मराठीतच विचारलं आणि गुरुजींना ते बरोबर कळलं.

*

त्या दोन शब्दांमागे मी नंतर खूप वाचलं. या वेळी एका दुपारीत उरकलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही काही ना काही वाटा असतो. तरीही आपल्या घरांत तपासण्या कोणाच्या सुरू होतात, हे तुम्हाला माहीत आहे. वीर्याची तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत सोपी आणि बिनदुखण्याची. ताईच्या तीन सोनोग्राफी आणि रक्ताच्या डझनभर तपासण्या झाल्या होत्या, दाजींची ती एकही नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. स्त्रीबीजालाही शेवटच्या टप्प्यात पक्व व्हायला जवळपास तीन महिने जातात. म्हणजे आज तुम्ही दोघं जे खाता, जेवढं झोपता, जे ओढता किंवा तोंडात धरता, त्याचा हिशेब तीन महिन्यांनी लागतो. आठवडाभर डाळिंब खाऊन काही दिसत नाही ते यामुळेच. सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि जास्त दारू यांनी शुक्राणूंचं नुकसान होतं, बायकांच्या बीजांडांनाही सिगारेटचा त्रास होतो, सोडल्यावर फरकही पडतो, पण त्याला हे तीन महिने द्यावे लागतात. उष्णतेचंही तसंच. वृषण शरीराबाहेर आहेत ते थोडे थंड राहावेत म्हणूनच, तेव्हा मांडीवर तासन्‌तास तापलेला लॅपटॉप बरा नाही.

मग तुपाचं काय? अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या १७,५४४ स्त्रियांच्या आठ वर्षांच्या आहाराची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जेवणात वनस्पती तुपासारखे ट्रान्स फॅट कमी, डाळी-कडधान्यांतली प्रथिनं जास्त, साखर-मैद्याऐवजी सावकाश पचणारी धान्यं, भाज्यांतलं लोह आणि साय न काढलेलं दूध होतं, त्यांच्यात बीजांड न सुटल्यामुळे येणारं वंध्यत्व कमी आढळलं. साय न काढलेलं दूध वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पण ते दूध होतं, तूप नव्हे, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं असंही नाही. म्हणून तुपाने दिवस राहतात असं मी लिहिणार नाही. चमचाभर साजूक तूप जेवणात असलं तर भीतीचं काही नाही आणि बेकरीतल्या डालड्याच्या बिस्किटांपेक्षा ते कितीतरी बरं, एवढं नक्की. आपल्याकडेही २०२२ पासून तेल-तुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे.

*

देवळातून परत येताना दुपार झाली होती. दुपारी देऊळ बंद होतं, म्हणून तुम्ही गेलात तर सकाळ गाठा. कुंभकोणमच्या एका साध्या मेसमध्ये आम्ही केळीच्या पानावर बसलो. भात, त्यावर सांबार, पडवळाची डाळ घालून केलेली भाजी, केळफुलाची परतलेली भाजी, शेवग्याच्या पाल्याचं वरण, लिंबाचं रसम, ताक. ताईने पान पुढ्यात ओढलं आणि वाढप्याला हाताने थांबवून म्हणाली, "राइस नको." त्याला वाटलं, तिला बरं नाही. त्याने मागून मालकांना बोलावलं!

शेवटी तिने भात घेतला. सात महिन्यांनी. मी तिच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच.

त्या पानाकडे जरा बघा, कारण माझ्या दहा पदार्थांच्या यादीपेक्षा त्यात जास्त आहे. शेवग्याच्या पाल्यात लोह आणि फोलेट, डाळींत प्रथिनं, रसमातल्या लिंबाने ते लोह अंगी लागायला मदत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्त. मूल हवं असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघावं, ते यासाठी. (कॉफी मात्र जेवणाबरोबर घेऊ नका, ती लोह अडवते. तासाभराने घ्या. कुंभकोणममध्ये हे पाळणं सोपं नाही.)

भात वाईट आहे हे ताईला कोणीतरी व्हिडिओत सांगितलं होतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या भाताचा डोंगर रोज खाणं चांगलं नाहीच, विशेषतः ज्यांना पीसीओएस आहे, वजन वाढलेलं आहे, त्यांनी. अशा बायकांचं वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी बीजांड पुन्हा सुटायला लागू शकतं. पण ताईला पीसीओएस नव्हतं. तिचं वजन मुळात बरोबर होतं. शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की मेंदू बीजांड सोडण्याचा संदेशच मंद करतो, कारण त्याच्या हिशेबात हा दुष्काळ असतो. दुष्काळात मूल कशाला? एकीसाठी औषध असलेला सल्ला दुसरीसाठी अपाय ठरतो आणि छापील यादीला समोर कोण बसलंय हे कळत नाही.

जेवणानंतर बाजारात गेलो. कुंभकोणमच्या बाजारात विड्याची पानं आणि पितळी भांडी बघायला सगळेच जातात, तुम्ही एखाद्या देशी तांदळाच्या दुकानातही जा. या भागात जुन्या भातांची बियाणी पुन्हा जमवण्याचं मोठं काम झालं आहे. तिरुवारूर जिल्ह्यातल्या आदिरंगमचे शेतकरी 'नेल' जयरामन (नेल म्हणजे भात) यांनी हयातभर १७० च्या आसपास देशी वाण गोळा केले आणि दर वर्षी भाताचा उत्सव भरवून शेतकऱ्यांना वाटले. ते २०१८ मध्ये गेले, पण त्यांचे वाण दुकानांत भेटतात. पोत्यांवर नावं लिहिलेली असतात, तमिळमध्ये. दुकानदाराने आम्हाला एकेक मूठ दाखवली. करुप्पु कवुनी, काळाभोर. पूंगार, लालसर, हा बायकांचा तांदूळ, गरोदरपणात देतात. आणि मग जाड, तांबडा, 'मापिळ्ळै सांबा'. मापिळ्ळै म्हणजे नवरदेव. पूर्वी म्हणे मुलगी द्यायच्या आधी मुलाला एक मोठा गोल दगड उचलायला लावत आणि त्या ताकदीसाठी त्याला हा भात खाऊ घालत.

"बघा, तुमचाही तांदूळ आहे," ताई दाजींना म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली होती.

दाजींनी दोन किलो घेतला. या तांदळांनी दिवस राहतात हे कोणी सिद्ध केलेलं नाही. कोंडा न काढलेले, चोथा असलेले, सावकाश पचणारे तांदूळ म्हणून ते चांगले, इतकंच. पण नवरदेवालाही खाऊन-पिऊन तयारी करावी लागते हे ज्या लोकांच्या तांदळाच्या नावात आहे, त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

इथली आणखी एक गोष्ट घरी करून बघण्यासारखी. 'उळुंदु कळी'. सालीचे काळे उडीद भाजून-दळून केलेला मऊ शिरा, त्यात तिळाचं तेल आणि ताडगूळ. मुलगी वयात आली की तिला हा खाऊ घालतात, कंबर मजबूत व्हावी म्हणून. आपल्याकडे डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा हे सगळं येतं ते बाळंतपणात. त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत त्या मुलीने काय खाल्लं, याची चौकशी क्वचितच कोणी करतं.

*

परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून दुपारनंतर तंजावर गाठलं. मराठी माणसाने इथवर येऊन तंजावर न बघणं बरं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजांपासून इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर त्या घराण्याचा मराठीतला लांबलचक शिलालेख आजही आहे. त्यावर बोट फिरवत 'अरे, हे वाचता येतंय' म्हणण्याची मजा घ्याच. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजी राजांनी इथे धन्वंतरी महाल नावाचं औषधांचं केंद्र चालवलं. वैद्य एकत्र बसवले, गुण येणारे उपाय लिहून ठेवायला लावले. ते पुढे तमिळ पद्यांत 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने राहिले. गुण आला का हे बघून मग लिहायचं, दोनशे वर्षांपूर्वी. मला माझा लेख पुन्हा आठवला.

देवळाच्या हिरवळीवर सूर्य मावळेपर्यंत बसलो होतो. तिथे दाजींनी पहिल्यांदा विषय काढला. ताईकडे न बघता, मला म्हणाले, "ती माझी टेस्ट... कुठे करतात?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण देवळात जाण्याआधी किंवा जाऊन आल्यावर हे करावंच लागतं. वर्षभर नियमित प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी फार अनियमित असेल किंवा आधी काही आजार, ऑपरेशन झालेलं असेल, तर तेवढंही थांबू नये. बंद झालेली गर्भनलिका कोणत्याही तुपाने, तांदळाने, पावडरीने उघडत नाही. थायरॉइड बिघडलं असेल तर त्याला गोळीच लागते. आणि ती कडू पावडर, जिच्या पुडीवर आत काय आहे हेच लिहिलेलं नसतं, ती बंद करावी. काही पुड्यांत शिसं-पाऱ्यासारखे धातू सापडतात.

एक गोळी मात्र आधीपासून हवी, फोलिक अॅसिडची, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ती दिवस राहायच्या आधीच सुरू करायची. बाळाचा मेंदू आणि मणका जिथून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच मिटते. म्हणजे बऱ्याचदा पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत ते काम होऊनही गेलेलं असतं. ही गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते. ताईच्या फ्रीजवर दहा पदार्थ होते, ही गोळी नव्हती.

आणि दिवसांचं गणित. बीजांड सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, असे महिन्यात साधारण सहाच दिवस असतात. रात्रपाळीचा नवरा आणि पहाटे उठणारी बायको यांना त्या सहांपैकी किती मिळतात हे त्यांनीच मोजावं. हे मी दाजींना सांगितलं नाही, धाकटी मेहुणी आहे मी. ताईला नंतर गाडीत सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "मागच्या महिन्यात एकही नाही."

*

बंगळुरूला परत आल्यावर दाजींची तपासणी झाली. संख्या थोडी कमी आणि हालचालही कमी. डॉक्टरांनी घाबरवलं नाही. सिगारेट बंद, झोप नीट, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, म्हणाल्या. ताईला त्यांनी एकच गोष्ट सांगितली, जेवा. नीट, तीन वेळा. वजन पन्नासच्या वर येऊ दे, मग पाळी बघू.

दाजींनी पाळी बदलून मागितली. ती लगेच मिळाली नाही, दीड महिना गेला. सिगारेट पहिल्या आठवड्यात सुटली, दुसऱ्यात परत लागली, तिसऱ्यात सुटली. डबा आता दोघं मिळून करतात, म्हणजे कूकर दाजी लावतात आणि त्याच्या शिट्ट्या मोजण्यात अजून चुका होतात. रात्री जेवणानंतर दोघं ओट्याशी उभं राहून त्या डबीतलं चमचा-चमचा तूप खायचे. प्रसादाच्या तुपात घरचं तूप मिसळून ते वाढवलं होतं, तसं चालतं. ताईची श्रद्धा आहे. दाजींची नाही. पण डबी दोघांची असल्याने एकाने खाऊन दुसऱ्याने विसरायचं असं होत नाही, आणि दाजींना तेवढ्यासाठी तरी दहाच्या आत स्वयंपाकघरात यावंच लागायचं.

अठ्ठेचाळीस दिवस संपले त्या रात्री ताईचा फोन आला. तिची पाळी त्या महिन्यात पस्तिसाव्या दिवशी आली होती. दिवस राहिले नव्हते, पण पस्तिसावा दिवस ही तिच्यासाठी बातमी होती. मागून दाजींचा आवाज येत होता, तूप संपलं, आता काय करायचं असं विचारत होते.

"घरचं आहे की," ताई फोन बाजूला धरून म्हणाली. "आणि दूध तापलंय, साय काढून ठेवा."

मग मला म्हणाली, तुझा तो लेख काढला गं फ्रीजवरून. राग नको मानूस. तिथे आता ह्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख लावली आहे.